कोणत्या आवृत्तीतला आकडा?

तुकोबांचा अभंग सांगताना नुसता क्रमांक देऊन भागत नाही, हे आम्ही मराठीचे मास्तर दरसाल वर्गात सांगतो. एका गाथेतला क्रमांक दुसऱ्या गाथेत त्याच अभंगाला असेल असे नाही. आधी प्रत सांगावी, मग क्रमांक. कर्करोगाच्या कागदांनाही हाच नियम लागू आहे, हे मला आमच्या वहिनींच्या फायलीने शिकवले.

२०१५ साली वहिनींना थायरॉईडचा पॅपिलरी जातीचा कर्करोग निघाला. वय पन्नास. रोग मानेच्या बाजूच्या गाठींत उतरलेला. फुप्फुसे, हाडे स्वच्छ. कागदावर लिहिले होते, ‘स्टेज चार’. त्या दिवशी घरात कोणी जेवले नाही. २०१९ साली दुसऱ्या गावच्या डॉक्टरांनी तेच रिपोर्ट पाहून लिहिले, ‘स्टेज एक’. दादा म्हणाले, “तेव्हा उगाच घाबरवले, की आता समजूत घालताहेत?”

वाचकहो, दोन्ही डॉक्टर खरे होते. मूळ गाठ केवढी, जवळच्या लसिका ग्रंथींत रोग गेला का, दूर पसरला का, या तीन प्रश्नांवर टीएनएम पद्धत उभी आहे. फ्रान्सच्या पिएर दन्वा यांनी १९४३ ते १९५२ या काळात ती रचली. पुढे तिच्या आवृत्त्या निघत गेल्या. अमेरिकन संयुक्त समितीच्या सातव्या आवृत्तीत थायरॉईडच्या या जातीसाठी वयाची रेघ ४५ वर होती. २०१८ पासून लागू झालेल्या आठव्या आवृत्तीने ती ५५ वर नेली. रेघेच्या अलीकडे, दूर न पसरलेला रोग पहिल्या स्टेजचा. वहिनींचा रोग होता तिथेच होता. रेघ तेवढी सरकली.

शिवाय पद्धतीही अनेक. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला ‘फिगो’ची पद्धत लावतात, २०१८ सालच्या बदलानंतर तीत लसिका ग्रंथींत गेलेला रोग तिसऱ्या स्टेजमध्ये धरू लागले. जुने-नवे आकडे एकाच रकान्यात भरले, तर औषध न बदलताही रोगी अधिक जगू लागल्याचा भास होतो.

म्हणून निदानाच्या पहिल्या कागदावरच पद्धतीचे नाव, आवृत्ती, टी-एन-एमचे आकडे आणि तारीख लिहून मागावी. स्टेजचा आकडा त्यानंतर. डॉक्टर नाही म्हणणार नाहीत. आधीच्या डॉक्टरांचे कागद त्यांनाही रोज वाचावेच लागतात.