महाविद्यालयीन बास्केटबॉलपटू

महाविद्यालयीन बास्केटबॉलपटू : महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या संघातून बास्केटबॉल खेळणारा विद्यार्थी वा विद्यार्थिनी. शालेय खेळ व वरिष्ठ गटातील खेळ यांना जोडणारा हा सु. तीन ते पाच वर्षांचा टप्पा असून खेळाडूची पुढील वाटचाल बहुधा याच काळात निश्चित होते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : हा खेळ मुळात शिक्षणसंस्थेतच जन्मास आला. अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ (१८६१–१९३९) यांनी डिसेंबर १८९१ मध्ये हिवाळ्यात बंदिस्त जागेत खेळण्यासाठी त्याची योजना केली. व्यायामशाळेच्या सज्जाला त्यांनी ज्या उंचीवर टोपल्या टांगल्या, ती ३·०५ मी. (१० फूट) उंची आजही कायम आहे. पुढच्याच वर्षी सेंडा बेरेन्सन यांनी स्मिथ महाविद्यालयात विद्यार्थिनींसाठी हा खेळ सुरू केला. भारतात त्याचा प्रसार यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन या संस्थेने केला. हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रास (विद्यमान चेन्नई) येथे सुरू केलेल्या शारीरिक शिक्षण संस्थेचा त्यात मोठा वाटा होता. भारतीय बास्केटबॉल महासंघाची स्थापना १९५० मध्ये झाली. अमेरिकेत व्यावसायिक खेळाडू मुख्यतः महाविद्यालयांतून पुढे आले. महाराष्ट्रात मात्र हे काम बऱ्याच अंशी वस्तीतील मैदानांनी व क्रीडासंस्थांनी केले. मुंबईच्या नागपाडा भागातील अब्बास मुन्तसीर (अर्जुन पुरस्कार, १९७०) हे त्याचे ठळक उदाहरण होय. पुण्याच्या शिरीन लिमये यांनी अलीकडच्या काळात भारतीय महिला संघात स्थान मिळविले.

संघातील स्थान : शाळेत सर्वांत उंच असलेला मुलगा टोपलीजवळच खेळत राहतो. महाविद्यालयात त्याच्याहून उंच खेळाडू भेटले, की त्याला चेंडू टप्पा देत पुढे नेणे, लांबून नेम साधणे ही कौशल्ये नव्याने आत्मसात करावी लागतात. त्याच वेळी मैदानावर मिळणारा अवधी घटतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार सामना दहा मिनिटांच्या चार सत्रांचा असतो. प्रत्येक बाजूचे पाच खेळाडू एका वेळी मैदानावर असल्याने एका संघाच्या वाट्याला एकूण २०० खेळाडू-मिनिटे येतात. प्रमुख पाच जण प्रत्येकी ३० मिनिटे खेळले, तर उरलेल्या ५० मिनिटांत बारा जणांच्या संघातील सात राखीव खेळाडूंना प्रत्येकी सु. सात मिनिटे मिळतात. त्यामुळे नवागताची पारखणी गुणसंख्येपेक्षा बचाव, अचूक फेक व चुकांचे अल्प प्रमाण यांवरून करणे अधिक न्याय्य ठरते. कमी मिनिटांमुळे खचून अनेक होतकरू खेळाडू पहिल्याच वर्षी खेळ सोडतात; चांगला प्रशिक्षक हे गणित त्यांना आरंभीच समजावून देतो.

स्पर्धा व सुविधा : भारतात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांतून विद्यापीठाचा संघ निवडतात. हा संघ प्रथम विभागीय व नंतर अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतो. खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडास्पर्धांचा आरंभ २०२० मध्ये झाला. पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यात लवळे येथे सिंबायोसिस व फ्लेम या विद्यापीठांचे परिसर आहेत; म्हाळुंगे-बालेवाडी येथील क्रीडासंकुलात १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धा व २००८ च्या राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धा झाल्या. तथापि ताम्हिणी घाटाकडील पश्चिम भागात जून ते सप्टेंबर या काळात अतिवृष्टी होते आणि नेमके याच सुमारास शैक्षणिक वर्ष सुरू होते. उघडे मैदान असलेल्या महाविद्यालयातील खेळाडू अशा वेळी सरावाअभावी मागे पडतो, तर छत असलेल्या क्रीडागृहातील खेळाडू पुढे जातो. हा फरक गुणवत्तेचा नसून छताचा असतो.

दुखापती : उडी मारून खाली येताना घोटा मुरगळणे ही या खेळातील सर्वांत सामान्य दुखापत होय. गुडघ्यातील अस्थिबंध तुटणे अधिक गंभीर असून मुलींमध्ये त्याचे प्रमाण मुलांपेक्षा जास्त आढळते. त्यावरील शस्त्रक्रियेनंतर पुन्हा खेळू लागण्यास बहुधा नऊ महिने ते एक वर्ष जाते. म्हणजेच तीन वर्षांच्या पदवीकाळातील एक पूर्ण हंगाम वाया जातो. दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून उतरण्याचा सराव व मांडीच्या स्नायूंचे बलवर्धन यांमुळे हा धोका कमी करता येतो.

शिक्षण व उपजीविका : अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळाडूस शिष्यवृत्ती मिळते. जुलै २०२१ पासून त्याला स्वतःच्या नावाच्या व प्रतिमेच्या व्यापारी वापरातून कमाई करण्याचीही मुभा मिळाली. भारतात मात्र रेल्वे, पोलीस व सैन्यदले यांतील नोकरी हाच खेळाडूचा प्रमुख आधार राहिला आहे. पंजाबच्या सतनाम सिंग यांची २०१५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेतील डॅलस मॅव्हरिक्स संघाने निवड केली. अशी निवड झालेले ते पहिले भारतीय खेळाडू होत. त्यांनी महाविद्यालयीन टप्पा गाठलाच नव्हता. परंतु असे उदाहरण अपवादात्मकच. बहुसंख्य खेळाडूंचा स्पर्धात्मक खेळ पदवीबरोबर संपतो. म्हणून सरावाच्या वेळा व परीक्षा यांचा मेळ घालून खेळाडूची पदवी पूर्ण होईल, हे पाहणे संघाच्या विजयाइतकेच महाविद्यालयाचे कर्तव्य ठरते.