दुबई किती वाजता लांब आहे?

मुंबईकर अंतर किलोमीटरमध्ये सांगत नाही. अंधेरीहून बोरिवली किती लांब, असं विचारलं तर 'फास्टनं वीस मिनिटं' असं उत्तर येतं. ते बारा किलोमीटर आहे, हे फारच थोड्यांना ठाऊक असतं. दुबईचंही तसंच. 'काय, तीन तासांवर तर आहे!'

मुंबई ते दुबई हे हवाई अंतर सुमारे १९३० किलोमीटर. विमान ताशी ८५० किलोमीटरनं गेलं, तर सव्वादोन तासांत पोचायला हवं. मग तिकिटावर तीन-सव्वातीन तास का? कारण तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होते आणि मुक्कामी पोचून थांबलं की संपते. धावपट्टीपर्यंत रांगेनं जाणं, हळूहळू उंची गाठणं, पुन्हा वेग कमी करत उतरणं, हे सारं त्यात आलं. आपल्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या तर एकमेकींना छेदतात. दोन्हींवर एकाच वेळी वाहतूक चालू शकत नाही. शिवाय विमान उतरतं ते वाऱ्याला सामोरं. मुंबईत वारा बहुधा समुद्रावरून येतो. म्हणून पश्चिमेकडून आलेलं विमानही पूर्वेला वळसा घालतं आणि घाटकोपर-कुर्ल्याच्या छपरांवरून खाली येतं.

वरच्या वाऱ्याचाही हिशेब असतो. हिवाळ्यात दहा-अकरा किलोमीटर उंचीवर वारे पश्चिमेकडून वाहतात. जाताना ते आडवे येतात, येताना पाठीवर हात ठेवतात. ताशी ८० किलोमीटरचा वारा असला, तर जाण्यायेण्यात सुमारे पंचवीस मिनिटांचा फरक पडतो. पावसाळ्यात वरचे वारे उलटतात, तेव्हा ही सवलत राहत नाही.

पण खरी गफलत घड्याळं करतात. दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे. मुंबईहून सकाळी दहाला निघालेलं विमान तिथल्या पावणेबाराला पोचतं. प्रवास पावणेदोन तासांचा वाटतो. तिथून दहाला निघालेलं इथे अडीचला उतरतं. तोच प्रवास साडेचार तासांचा भासतो. प्रत्यक्षात दोन्ही प्रवास तीन ते सव्वातीन तासांचेच.

एरवी हा गमतीचा हिशेब. पण वडील गेल्याचा निरोप मिळून मुलगा तिकडून निघतो, तेव्हा त्यात गंमत उरत नाही. आमच्यात मय्यत फार वेळ ठेवत नाहीत; दफन होईल तितक्या लवकर करायचं. मुलाचा फोन येतो, 'दहाच्या विमानानं निघतोय.' इथे वडीलधारे बोटं मोजतात, 'तीन तास, म्हणजे एकला उतरेल. जोहरच्या नमाजनंतर थोडं थांबू, तोवर पोचेलच.' पण तो एक दुबईचा. आपल्या घड्याळात तेव्हा अडीच वाजलेले असतात. मग पासपोर्टची रांग, मग सहारहून घरापर्यंतची गर्दी. तो दारात येईपर्यंत जनाजा कब्रस्तानात पोचलेला असेल. तीच नमाज असरनंतर ठेवली, तर त्याला बापाला खांदा देता येईल.

चितेसाठी मुलाची वाट पाहणाऱ्या घरातही हेच गणित असतं. म्हणून अशा वेळी 'किती तासांचा प्रवास?' असं विचारू नये. 'आपल्या घड्याळात किती वाजता उतरतोस?' असं विचारावं, आणि त्या उत्तरात दीड-दोन तास मिळवून मगच मशिदीत किंवा स्मशानात वेळ कळवावी.