ठकूचा मुतखडा

मुतखडा हा शब्द आमच्या घराला नवा नाही. वडिलांना तो दोनदा झाला, मला एकदा. आणि कुळथाचे कढण, गोखरू, पाषाणभेद यांची नावे आमच्या घरातल्या मुलांना पाढ्यांच्या आधी पाठ झाली. सुश्रुताने अश्मरीवर एक अख्खा अध्याय लिहिला आणि शस्त्राने खडा काढण्याची कृती सांगितली, हे वडील दुखणे अंगावर असतानाही मोठ्या अभिमानाने सांगत. पण 2024 च्या श्रावणात आमच्या घरातल्या ज्या तिसऱ्या जीवाला मुतखडा झाला, त्याचे वजन 970 ग्रॅम होते आणि त्याचे नाव होते ठकू.

ठकू म्हणजे आमच्या नातीचे गिनीपिग. 2018 साली तिच्या वाढदिवसाला ते घरी आले, तेव्हा मी कपाळाला हात लावला होता. आमच्या पिढीला हा प्राणी ठाऊक तो प्रयोगशाळेतला. नव्या योजनेचा पहिला तडाखा ज्याला बसतो तो 'गिनीपिग', एवढाच आमचा त्याच्याशी परिचय. प्रत्यक्षात हा प्राणी डुक्कर नव्हे आणि गिनी देशाचाही नव्हे. त्याचे माहेर दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात. पेरू, बोलिव्हिया, इक्वेडोर या भागांत हजारो वर्षांपूर्वी लोकांनी त्याला माणसाळवले, तेही मांसासाठी. तिकडे त्याला 'कुई' म्हणतात. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी त्याला युरोपात नेले आणि तिथे ते श्रीमंतांच्या मांडीवर जाऊन बसले.

प्रयोगशाळेचे म्हणाल तर माणसावर त्याचे ऋण मोठे आहे. 1882 साली रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू दाखवून दिला, त्या कामात गिनीपिग होते. 1907 साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिख या दोघांनी नुसत्या धान्यावर ठेवलेल्या गिनीपिगांना स्कर्व्ही होते असे दाखवले, आणि पुढे 'क' जीवनसत्त्वाचा शोध लागण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली. कुत्रा, मांजर, उंदीर हे जीवनसत्त्व आपल्या शरीरातच तयार करतात. माणसाला आणि गिनीपिगला ते जमत नाही. एवढ्या एका बाबतीत ठकू आणि मी एकाच पंगतीचे.

हे सारे ज्ञान मला झाले ते फार उशिरा. पहिली सहा वर्षे ठकूची व्यवस्था नात पाहत होती. माझ्याकडे एकच काम होते, ते म्हणजे रोज सकाळी देवदर्शनाहून परतताना हिरवा चारा आणणे. आपल्या बडोद्यात देवळाबाहेर गायीला घालण्यासाठी रजक्याच्या जुड्या विकायला बसतात, हे सांगायला नको. मी एक जुडी गायीपुढे टाकत असे आणि अर्धी जुडी पिशवीत घालून घरी आणत असे. चारा विकणारी बाई मला थट्टेने विचारी, "काका, वाछडी केटली मोटी थई?" पिशवीचा आवाज ऐकला की ठकू दोन पायांवर उभी राहून अशी शीळ घाली की शेजारच्यांना आमची सकाळ कळत असे. पुण्यदानाबरोबर घरचे कामही उरकते, म्हणून मी स्वतःवर खूश होतो.

2024 च्या जूनमध्ये नात शिकायला पुण्याला गेली. जाताना तिने मला एका कागदावर यादी लिहून दिली आणि म्हणाली, "आजोबा, रोज नुसतं खायला घालू नका. तिच्याकडे बघत जा." मी हो म्हटले. बघत मात्र नव्हतो.

पहिली खूण सौ.च्या ध्यानात आली. पिंजऱ्यातली फडकी धुताना त्यांच्यावर वाळलेल्या चुन्यासारखे पांढरे डाग दिसत. तसे डाग थोडेफार पडणे यात काही विशेष नाही. या प्राण्याचे मूत्र मुळातच गढूळ आणि अल्कधर्मी असते, त्यात चुन्याचे कण असतात. पण आता ते कण बोटाला वाळूसारखे लागू लागले. मग ठकू लघवी करताना पाठीची कमान करून बारीक चिरकू लागली. तिची खाण्यासाठीची शीळ आम्हाला ओळखीची होती; हा आवाज निराळा होता. तिसऱ्या दिवशी फडक्यावर गुलाबी डाग दिसला आणि तिने सकाळची मिरचीची फोड हुंगून सोडली.

गिनीपिगने खाणे सोडले की घड्याळाकडे पाहावे लागते. त्याचे आतडे सतत चालते राहण्यासाठी घडलेले आहे. एक दिवस उपास घडला तरी ते मंदावते, आणि मूळ रोगाच्या आधी हे मंदावणेच जीव घेऊ शकते. हे मला त्या वेळी ठाऊक नव्हते. ओळखीच्या एका औषधवाल्याने मूत्रमार्गाचा दाह समजून माणसाचे अमॉक्सिसिलिन थोडेसे पाजायला सांगितले होते. दैव बरे म्हणून मी ते पाजले नाही. पेनिसिलिनच्या कुळातली औषधे पोटात गेली तर गिनीपिगच्या आतड्यातले उपकारक जंतू मरतात, घातक जंतू माजतात, आणि प्राणी दोन-चार दिवसांत दगावतो. माणसाला अमृत ते ठकूला विष, असा हा प्रकार आहे.

आपल्या शहरात गुरांचे डॉक्टर आहेत, कुत्र्यामांजरांचे तर आता पुष्कळ आहेत. पण एवढ्याशा जीवाला हात लावण्याची सवय असलेला डॉक्टर शोधायला दोन दिवस गेले. अखेर एक तरुण डॉक्टर मिळाले. त्यांनी ठकूचे पोट दोन बोटांनी चाचपले, एक्स-रे काढला आणि चित्र उजेडाकडे धरून म्हणाले, "काका, आ तो पथरी छे." मूत्राशयात पांढरा शुभ्र ठिपका होता. चुन्याचा खडा एक्स-रेत लपत नाही.

मग त्यांनी माझी उलटतपासणी घेतली. काय घालता? मी मोठ्या तोऱ्याने म्हणालो, "रोज ताजा रजका." डॉक्टर काही क्षण गप्प राहिले. हे गप्प राहणे मला नंतर फार दिवस ऐकू येत होते.

रजका, म्हणजे देशावर ज्याला लसूणघास म्हणतात, तो दुभत्या गायीला उत्तम. लहान पिलांना आणि गाभण मादीलाही चालतो. पण त्यात कॅल्शियम साध्या गवताच्या ढोबळमानाने तिप्पट. गिनीपिगचे शरीर खाल्लेले कॅल्शियम हात राखून शोषत नाही. येईल तेवढे बरेचसे आत घेते आणि नको असलेले मूत्रावाटे बाहेर टाकते. मूत्र अल्कधर्मी, त्यात चुना दाट, प्राणी म्हातारा, हालचाल कमी, पाणी पिणे कमी. मग चुना तळाशी बसतो, आधी गाळ होतो आणि पुढे खडा होतो. माणसाचा खडा बहुधा कॅल्शियम ऑक्झॅलेटचा असतो. गिनीपिगचा बहुतेक वेळा कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे शिंपला आणि संगमरवर ज्याचे असतात त्याचाच. म्हणून माझे कुळथाचे कढण ठकूच्या उपयोगाचे नव्हते. मी विचारले होते. डॉक्टर हसले नाहीत, नुसते "ना, काका" म्हणाले.

"एकट्या रजक्याचा दोष नाही," असेही ते म्हणाले. वय असते, जात्या कल असतो, जंतूंचा संसर्ग असतो. पण सहा वर्षे रोज अर्धी जुडी कोणी आणली, हे मला ठाऊक होते.

आता प्रश्न शस्त्रक्रियेचा. खडा फार लहान असता तर मादीच्या आखूड आणि रुंद मार्गाने आपोआप पडला असता. नराला तीही सोय नाही, त्याचा मार्ग अरुंद, खडा अडकून लघवी बंद झाली तर काही तासांत जिवावर बेततेे. ठकूचा खडा पडण्यातला नव्हता. गिनीपिग साधारण 5 ते 8 वर्षे जगते. ठकू सहा पार केलेली. भूल दिलेली उठेल की नाही याची हमी नाही, आणि उठली तरी खडा पुन्हा होणार नाही याचीही नाही. घरात दोन तट पडले. चिरंजीव म्हणाले, "बाबा, एवढ्याशा प्राण्यासाठी एवढा खर्च?" सौ. म्हणाल्या, "तुमचा खडा काढला तेव्हा हिशेब कोणी केला होता?" नातीला फोन केला. ती थोडा वेळ बोलली नाही, मग म्हणाली, "आजोबा, तिला दुखतंय ना? मग करा."

शस्त्रक्रिया झाली. खडा मसुरीपेक्षा मोठा, वाटाण्यापेक्षा लहान, पिवळसर पांढरा. डॉक्टरांनी तो एका डबीत घालून माझ्या हाती दिला. माझा स्वतःचा खडा मी कधी इतक्या निरखून पाहिला नव्हता.

खरी परीक्षा त्यापुढची. पहिले आठ दिवस दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, भिजवलेल्या खाद्याची पातळ पेज बिनसुईच्या सिरिंजने तोंडाच्या कडेने द्यायची. एकदम पिचकारी मारायची नाही, नाहीतर ती श्वासनलिकेत जाते. वेदनाशामकाचे थेंब वेळेवर, आणि मात्रा डॉक्टरांनी सांगितलेलीच. अंगाखाली स्वच्छ फडके, ओले झाले की लगेच बदलायचे. आणि रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. शस्त्रक्रियेनंतर ते 860 ग्रॅमवर आले होते. सौ.ने भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाच्या हिशेबाशेजारी ते मांडायला सुरुवात केली. हा प्राणी आपले दुखणे शेवटपर्यंत लपवतो. डोळ्यांना जे दिसत नाही ते काटा आधी सांगतो. नवव्या दिवशी आकडा 8 ग्रॅमने वर गेला, तेव्हा घरात पेढे वाटायचे तेवढे राहिले.

आहार सारा बदलला. मुख्य अन्न वाळलेले साधे गवत, हवे तेवढे. त्याच्या वीसही दातांची वाढ जन्मभर चालूच राहते. गवत चावून चावूनच ते झिजतात. हिरवे म्हणून दूर्वा. आपल्या घरी गणपतीसाठी ज्या निवडतो त्याच. औषध न मारलेल्या जागेवरच्या, दोनदा धुतलेल्या. त्या वर्षी गणपतीत आमच्याकडे दोन तबके निघत, एक देवाचे आणि एक ठकूचे. 'क' जीवनसत्त्वासाठी रोज ढोबळी मिरचीची फोड. आपले गुजराती शेजारी जिला भोलर मरचां म्हणतात ती. या प्राण्याला दिवसाला साधारण 10 ते 30 मिलिग्रॅम 'क' लागते, आणि मिरचीत ते भरपूर असून कॅल्शियम कमी. खंडेराव मार्केटात मी आता भाजी घेताना कोथिंबीर आणि पालक बघून पुढे सरकत असे. भाजी धुतली की न झटकता तशीच ओली द्यायची, म्हणजे तेवढेच पाणी पोटात जाते. पाण्याची एक बाटली होती, तिच्याजोडीला एक जड वाटी ठेवली. ठकू वाटीतले जास्त पिई. बाजारच्या गोळ्यांच्या पाकिटावर लसूणघासाचे नाव आहे का, ते भिंग घेऊन वाचायचे. रोज संध्याकाळी पडवीत तासभर फिरवायचे, कारण बसून राहिले की गाळ बसतो. हा नियम माझ्या डॉक्टरांनी मलाही सांगितलेला होता. ठकूच्या निमित्ताने मी तो प्रथमच पाळला.

उन्हाळा हे निराळे संकट. थंड डोंगरातला हा जीव. त्याला घाम येत नाही, तिशीपलीकडच्या उष्म्यात तो गळून जातो, आणि आपल्या वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो. माजघराच्या खिडकीला वाळ्याचा पडदा लावला, बसायला गार फरशीचा तुकडा ठेवला.

2025 च्या मार्चमध्ये वजन पुन्हा घसरू लागले. एक्स-रेत नवा ठिपका होता. रजक्याची एक काडीही त्या सात महिन्यांत घरात आली नव्हती. डॉक्टर म्हणाले, पुन्हा चिरता येईल, पण आता मूत्रपिंडेही थकली आहेत. नात सुट्टीला आली होती. तिने ठकूला मांडीवर घेतले, कॅलेंडरातले आकडे पहिल्यापासून वाचले, आणि या वेळी ती म्हणाली, "आता नको, आजोबा." आम्ही वेदनाशामक चालू ठेवले, कातडीखाली सलाईन टोचायला मी शिकलो, आणि ठकू आणखी चार महिने राहिली, त्यातले तीन तरी पिशवीच्या आवाजाला शीळ घालण्याइतके बरे गेले. आषाढात एका पहाटे ती गवतावर मान टाकून निजलेली होती ती उठली नाही. कॅलेंडरात आदल्या दिवशीचा आकडा 790 आहे.

देवळाजवळ मी अजून जुडी घेतो, पण एकच, आणि ती गायीलाच. चारा विकणाऱ्या बाईला मी अजून खरे सांगितलेले नाही.

परवा शेजारच्या मुलाने गिनीपिगची जोडी आणली. जोडी आणली हे बरे केले. हा कळपातला प्राणी, एकटा झुरतो. तो पिंजरा दाखवायला मला हाक मारून घेऊन गेला. मी आत डोकावलो, तर एका कोपऱ्यात रजक्याची हिरवीगार जुडी. पिले अजून लहान आहेत, आणखी काही आठवडे चालेल. मी घरी येऊन परडी भरून दूर्वा निवडल्या, स्वयंपाकघरातला काटा उचलला, आणि दोन्ही घेऊन परत त्यांच्याकडे गेलो.