मुलाखतीला जाताना सोलापूर सोबत न्या

आपले प्रश्न मांडायला वृत्तपत्र नव्हते, म्हणून बाबासाहेबांनी 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक' सुरू केले. 2006 साली दिल्लीतील 37 वृत्तपत्रे व वाहिन्यांतील निर्णय घेणाऱ्या 315 जणांची पाहणी झाली. त्यात एकही दलित वा आदिवासी आढळला नाही. 2019 च्या ऑक्सफॅम-न्यूजलाँड्री अहवालातही 121 प्रमुख पदांवर आपला माणूस नव्हता. खाजगी माध्यमांत आरक्षण नाही. तिथे तयारी हेच आपले बळ!

सोलापुरात पत्रकारिता शिकलेली आपली मुले-मुली मुलाखतीला निघतात तेव्हा इंग्रजीची धास्ती मनात असते. पण मराठीसोबत तेलुगू, कन्नड, उर्दू ऐकत वाढलेला बातमीदार किती ठिकाणी मिळतो? येत असलेली प्रत्येक भाषा अर्जात लिहा. विडी वळणाऱ्या बायांची मजुरी, यंत्रमागाची अवस्था, उजनीचे पाणी, अकरा तालुके यांची माहिती तोंडपाठ हवी.

ज्या वृत्तपत्रात जायचे ते आधी आठ दिवस वाचा. त्यात कोणत्या वस्तीचा प्रश्न आलाच नाही, ते टिपून ठेवा. त्याच प्रश्नावर स्वतः फिरून एक बातमी लिहा. नावे, तारखा तपासा. अधिकाऱ्याचेही म्हणणे घ्या.

"तुम्ही चळवळीतले, निष्पक्ष कसे राहणार?" हा प्रश्न येणार असे धरूनच चला. चिडू नका आणि चळवळ लपवूही नका. ती बातमी पुढे ठेवा आणि म्हणा, "साहेब, वाचून तुम्हीच सांगा."