एका मांजरीत दोन महाराष्ट्र

वाशीम जिल्हा डोळ्यांसमोर आणा. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा. सहा तालुके, २०११च्या जनगणनेत सुमारे १२ लाख माणसं. आता सोयाबीनच्या पोत्यांवर पहुडलेल्या घरच्या मांजरीकडे बघा. पिसवांमुळे तिला बार्टोनेला हेन्सेली या जिवाणूची लागण झाली असेल, तर तिच्या एका मिलीलीटर रक्तात, म्हणजे जेमतेम वीस थेंबांत, १० लाखांवर जिवाणू असू शकतात. जवळपास अख्खा जिल्हा, वीस थेंबांत!

चार किलोच्या मांजरीच्या अंगात रक्त साधारण २४० मिलीलीटर. करा गुणाकार. २४ कोटी! २०११ साली महाराष्ट्राची लोकसंख्या होती ११ कोटी २४ लाख. दोन महाराष्ट्र मावले आणि वर दीड कोटी उरले! एवढी गर्दी अंगात घेऊन मांजर बहुधा मजेत असते. महिनोन्‌महिने उंदीर मारते, दूध पिते.

आता पिसू. दोन-अडीच मिलिमीटरची मादी रोज स्वतःच्या वजनाच्या १५ पट रक्त पिते. ६० किलोच्या माणसाच्या हिशेबात ते झाले ९०० लिटर, दोनशे लिटरचे साडेचार ड्रम, आणि तेही रोज! अशा ७२ माद्या मिळून दिवसाला एक मिलीलीटर रक्त फस्त करतात. म्हणजे ७२ पिसवा आणि रोज एक वाशीम जिल्हा!

हे रक्त अर्धवट पचून काळ्या कणांच्या रूपात बाहेर पडतं. मांजरीच्या केसांतून फणीने हे कण काढा, ओल्या कापसावर ठेवा. भोवती तांबूस डाग पसरतो. या कणांत जिवाणू काही दिवस तग धरतात. मांजर खाजवते, कण नखांत अडकतात, खेळता खेळता पोराच्या हातावर ओरखडा उमटतो. पुढे काखेत गाठ, ताप. बहुतेकजण आपोआप बरे होतात. प्रतिकारशक्ती कमी असेल त्याला मात्र हे भारी पडतं.

आणि पिसवांची पिलावळ! मादी दिवसाला ४० अंडी घालते, आयुष्यात २,००० पर्यंत. निम्म्या माद्या धरा, सगळ्या जगल्या असं समजा. १,००० माद्यांची २० लाख अंडी. त्यातल्या १० लाख माद्यांची? २०० कोटी! भारत केव्हाच मागे पडला. वैशाखातलं वऱ्हाडी ऊन अंडी-अळ्यांना सुकवून मारतं, हे आपलं नशीबच. पावसाळ्यात तसं नाही. अंगावर दिसतात त्या शेकडा पाच, उरलेल्या ९५ अंडी, अळ्या, कोष होऊन मांजरीच्या गोणपाटात दडलेल्या. ते गोणपाट गरम पाण्यातून काढा, उन्हात टाका. औषध पशुवैद्यकांना विचारूनच, कारण कुत्र्यासाठीचं परमेथ्रिन मांजरीला विष आहे.

आता सगळंच १० लाख पट मोठं करू. दीड मायक्रॉनचा जिवाणू झाला दीड मीटरचा, शाळकरी पोराएवढा. पिसू अडीच किलोमीटर लांब. तिची २० सेंटिमीटरची उडी झाली २०० किलोमीटरची, मुंबईहून निघाली तर पुणं ओलांडून सुमारे ८० किलोमीटर पुढे! मांजर ४५० किलोमीटर लांब, नाक वाशीमात तर शेपटीचं बूड मुंबईच्या आसपास. आणि तिच्या शिरांतून वाहताहेत सहा-सहा मीटरच्या रक्तपेशी, खोल्यांएवढ्या, ज्यांच्यात २४ कोटी जण बिऱ्हाड करून राहिलेत!