सव्वा महिना थांबू नका!

स्टीव्ही वंडरची गाणी तुमच्या प्लेलिस्टमध्ये असतील किंवा नसतील, पण त्याची ही गोष्ट माहीत असायला हवी. १९५० साली तो सुमारे सहा आठवडे आधीच जन्मला. इन्क्युबेटरमध्ये जीव वाचला, नजर मात्र गेली. कारण होतं 'आरओपी', म्हणजे रेटिनोपथी ऑफ प्रीमॅच्युरिटी.

होतं काय, तर डोळ्याच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या आईच्या पोटात चौथ्या महिन्यापासून वाढू लागतात आणि पूर्ण दिवस भरेपर्यंत वाढतच असतात. बाळ लवकर आलं की हे काम अर्धवट राहतं. त्यात ऑक्सिजन जास्त झाला तर वाढ थबकते आणि पुढे नाजूक, वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या तयार होतात. त्या पडद्याला ओढतात. पडदा सुटला की अंधत्व.

मग ऑक्सिजन देऊच नये का? तसं नाही. तो बाळाचा श्वास आहे, म्हणूनच आता मोजूनमापून देतात.

खरी मेख पुढे आहे. आरओपी बाहेरून दिसत नाही. डोळे टपोरे, छान दिसतात. म्हणून ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचे डोळे जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासायचे असतात. फारच लहान बाळांचे त्याहूनही लवकर. आणि आपल्याकडे बाळ-बाळंतिणीला सव्वा महिना घराबाहेर काढत नाहीत! म्हणजे आजी जपते ते प्रेमानेच, पण तपासणीची वेळ नेमकी त्यातच निघून जाते.

तपासणी म्हणजे डोळ्यांत थेंब टाकून पडदा बघणं. बहुतेक बाळांमध्ये हा त्रास आपोआप बरा होतो. ज्यांना गरज असते त्यांना लेझर किंवा इंजेक्शन देतात, तेही दोन-तीन दिवसांत. २०१३मध्ये पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही आरओपीचा समावेश आहे. सरकारी दवाखान्यात तशी चौकशी करा.

नजर वाचली तरी पुढे चष्मा किंवा तिरळेपणा येऊ शकतो. कधी डोळे ठीक असतात, पण दिसलेल्याचा अर्थ मेंदूला नीट लागत नाही. अशा मुलाला 'धांदरट' म्हणण्याआधी तपासून घ्या.

फॅमिली ग्रुपवर 'बाळ झालं, पण लवकर' असा मेसेज आला तर नुसता हार्ट टाकून थांबू नका. विचारा, "ताई, डोळे तपासायची तारीख कधीची?" तारीख मोबाइलमध्ये टाका. आजीला समजवायचं काम तुमचं!