कार्ड जुनं झालं, ड्रायव्हर नाही

सोलापुरात यंत्रमाग बनवणारी कंपनी बुडाली म्हणून कोणी माग भंगारात काढत नाही. माग दुरुस्त करणारा जॉबर असतो, सुटा भाग लेथवर घडवून घेता येतो, माग पुन्हा खडखडायला लागतो. संगणकाच्या बाबतीत मात्र आपण लगेच हात टेकतो. पुण्या-मुंबईहून सेकंडहँड सर्व्हर येतो. त्यात डिस्कच्या कपाटाला, म्हणजे सॅन स्टोरेजला, जोडणारं फायबर चॅनल कार्ड असतं. वर नवं लिनक्स चढवलं की डिस्क दिसत नाहीत, आणि निकाल तयार असतो : "कार्ड जुनं आहे, ड्रायव्हर मिळत नाही." यातलं पहिलं वाक्य खरं. दुसरं बहुतेक वेळा खोटं.

लोक ड्रायव्हर शोधतात कंपनीच्या संकेतस्थळावर. क्यूलॉजिक २०१६ मध्ये कॅव्हियमने घेतली, कॅव्हियम २०१८ मध्ये मार्व्हेलने. एम्युलेक्स २०१५ मध्ये अवागोकडे गेली, तीच आज ब्रॉडकॉम. एवढ्या बदल्यांत जुन्या डाउनलोडचा पत्ता लागला नाही तर नवल नाही, पण लिनक्सला त्याची गरजही नसते. ड्रायव्हर कर्नेलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, असतो. क्यूलॉजिकचा क्यूएलए२एक्सएक्सएक्स हा एकच ड्रायव्हर १ गिगाबिटच्या २१०० मालिकेपासून ३२ गिगाबिटच्या २७०० मालिकेपर्यंतची कार्डं सांभाळतो.

मग कार्ड दिसत का नाही? खरी गोम इथे आहे. प्रत्येक ड्रायव्हरजवळ तो कोणकोणती कार्डं ओळखतो त्यांच्या क्रमांकांची यादी असते. रेड हॅटने २०१९ मध्ये आपल्या आरएचईएल या लिनक्सची ८ वी आवृत्ती आणताना या यादीत बरीच काटछाट केली, आणि क्यूलॉजिकची ४ गिगाबिटची पिढी त्यात गेली. ड्रायव्हर जागेवरच, फक्त तुमच्या कार्डाचं नाव पटावरून कमी. ज्याची चाचणी करणार नाही त्याची हमी द्यायची नाही, हा कंपनीचा व्यापारी निर्णय आहे आणि मला तो गैर वाटत नाही. पण "लिनक्सने कार्ड सोडलं" असा त्याचा अर्थ होत नाही. मूळ कर्नेलने ते सोडलेलं नव्हतं. आरएचईएलच्याच घडणीच्या, मे २०२४ मध्ये आलेल्या अल्मालिनक्स ९.४ ने तर अशी वगळलेली बरीच कार्डं पुन्हा पटावर घेतली. त्यात क्यूएलए२एक्सएक्सएक्स आहे आणि एम्युलेक्सचा एलपीएफसीही. इलरेपो हा स्वयंसेवकांचा प्रकल्पही आरएचईएलने वगळलेल्या हार्डवेअरसाठी ड्रायव्हर तयार करून देतो.

आपलं कार्ड कोणतं, हे कळायला स्क्रू काढायची गरज नाही. टर्मिनलवर 'एलएसपीसीआय -एनएनके' हा आदेश इंग्रजी अक्षरांत द्या. कार्डाच्या ओळीत चौकटी कंसात १०७७:२४३२ असं काही दिसेल. १०७७ म्हणजे क्यूलॉजिक, २४३२ म्हणजे ४ गिगाबिटच्या क्यूएलई२४६० च्या घराण्यातलं कार्ड. त्याजागी २५३२ असेल तर ८ गिगाबिटचं. त्याखाली कोणता ड्रायव्हर लागला ते येतं. ती ओळच नसेल तर घोळ यादीत किंवा फर्मवेअरमध्ये आहे. ओळ असूनही डिस्क नसतील, तर केबल बघा, स्विचचं झोनिंग बघा. ड्रायव्हरला शिव्या देऊ नका.

फर्मवेअरचा विषय निघालाच आहे, तर "ओपन सोर्स म्हणजे सगळं उघडं" हा भ्रमही काढून टाकू. ड्रायव्हरचा कोड कोणीही वाचावा, पण कार्डावरच्या चिपमध्ये जे फर्मवेअर भरलं जातं ती कंपनीची बंद पुडी असते. डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये अशा पुड्या जून २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपासून यायला लागल्या. त्याआधीची आवृत्ती वापरत असाल तर फर्मवेअर वेगळं घालावं लागतं.

आणि "एकदा कर्नेलमध्ये गेलं की कायमचं", हेही नाही. कोड सांभाळणारा, म्हणजे इथला जॉबरच उरला नाही की माग थांबतोच. जुनी आयडीई डिस्कप्रणाली २०२१ मध्ये कर्नेल ५.१४ मधून काढली गेली; तिचं काम कर्नेलमधल्याच लिबएटा या नव्या प्रणालीने आधीच उचललं होतं म्हणून फारशी ओरड झाली नाही.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे वैतागून एकदम नवंकोरं कार्ड घेणं. फायबर चॅनल साधारणपणे मागच्या दोन पिढ्यांशीच बोलतं. ३२ गिगाबिटचं कार्ड १६ आणि ८ वर उतरेल, ४ वर नाही. तुमचा स्विच ४ गिगाबिटचा असेल तर नव्या कार्डाचे पैसे पाण्यात, आणि ८ गिगाबिटचं जुनं कार्ड तिथे निमूट चालतं.

बँकेचा मुख्य डेटा अशा कार्डावर ठेवा, असं मी सांगणार नाही. तिथे हमी विकतच घ्यावी. कॉलेजची प्रयोगशाळा, बॅकअप किंवा शिकाऊ मुलांचा सराव यासाठी मात्र ते पुरेसं आहे. तेव्हा कार्ड भंगारवाल्याला देण्याआधी, आणि सेकंडहँड घेताना पैसे मोजण्याआधी, तो आठ अक्षरांचा क्रमांक मागा आणि जे लिनक्स चढवणार आहात त्याच्या यादीत शोधा.